नाटकाचं तांत्रिक दिग्दर्शन शिकायला अमेरिकेत जायचंय? आधी जुना सेट कागदावर उतरवा

चारचा प्रयोग. सकाळच्या नाटकाचा सेट उतरेपर्यंत दीड वाजलेला असतो आणि मागच्या दाराला आपला टेम्पो लागतो. कोणता फ्लॅट (सेटच्या भिंतीची सपाट चौकट) आधी बाहेर काढायचा, कोणती लेव्हल (रंगमंचावरचा उंच चौथरा) कुठे टेकवायची, वरच्या पाइपाला झालर बांधल्याशिवाय खालचा दरवाजा का उभा करायचा नाही, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं. तो ओरडत नाही, कागद बघत नाही. तिसरी घंटा होते तेव्हा तो विंगेत चहा पीत असतो. जाहिरातीत त्याचं नाव नसतं, आणि असलंच तर ‘रंगमंच साहाय्य’ या ओळीत चार जणांच्या मध्ये कुठेतरी.

अमेरिकेतल्या रंगभूमीवर याच माणसाच्या कामाला ‘टेक्निकल डिरेक्टर’ असं नाव आहे, त्याची पदव्युत्तर पदवी आहे आणि ती मिळवायला बहुतेक ठिकाणी तीन वर्षं लागतात. एकांकिका स्पर्धांमधून बॅकस्टेज केलेली, इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर करता करता सेट ठोकलेली बरीच मुलं मला विचारतात की आम्हाला तिथे घेतील का. घेतील. पण तुमच्या हातात जे आहे ते कागदावर दिसलं तर. हा लेख मुख्यतः त्या कागदाबद्दल आहे. व्हिसा वगैरे गोष्टी शेवटाकडे थोडक्यात येतील, कारण त्या सांगणारे लोक गल्लोगल्ली आहेत.

पायरी १ : हे काम नेमकं कोणतं, ते समजून घ्या

आपल्याकडे ‘तांत्रिक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रकाशयोजना आणि ध्वनी येतात. टेक्निकल डिरेक्टरचा मुख्य विषय तो नाही. नेपथ्यकार सेट कसा दिसेल ते ठरवतो. तो कशाचा बनवायचा, किती पैशांत, किती दिवसांत, किती माणसांत, तो उभा कसा राहील आणि हलला तर कुणाला न चिरडता कसा हलेल, हे टेक्निकल डिरेक्टर ठरवतो. स्टेज मॅनेजर प्रयोग चालवतो, क्यू, म्हणजे कोणी कधी काय करायचं त्याचे इशारे देतो. प्रॉडक्शन मॅनेजर सगळ्या विभागांचे पैसे आणि वेळापत्रक सांभाळतो. छोट्या संस्थेत यातली दोन-तीन कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात, पण शिकताना ती वेगळी ठेवलेली बरी.

ब्रिटनमध्ये हेच काम बहुधा प्रॉडक्शन मॅनेजर आणि वर्कशॉपचा प्रमुख यांच्यात वाटलेलं असतं. अमेरिकेतही प्रत्येक विद्यापीठ अभ्यासक्रमाला वेगळं नाव देतं: टेक्निकल डिरेक्शन, टेक्निकल डिझाइन अँड प्रॉडक्शन, थिएटर टेक्नॉलॉजी, प्रॉडक्शन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंट. एकाच नावाने शोधलंत तर निम्मे अभ्यासक्रम सुटतील. पदवी मात्र बहुतेक ठिकाणी एमएफएच (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स), म्हणजे कलाक्षेत्रातली तिथली अंतिम पदवी. ती हातात असली की विद्यापीठात शिकवताही येतं, पीएचडीची अट आड येत नाही.

तीन नावं तर माहीत हवीतच. येल विद्यापीठाचं नाट्यविद्यालय न्यू हेवनला आहे. २०२१ साली डेव्हिड गेफेन यांच्या १५ कोटी डॉलरच्या देणगीनंतर त्याला त्यांचं नाव मिळालं आणि तिथली शिकवणी फी सगळ्याच विद्यार्थ्यांना माफ झाली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनचं नाट्यविद्यालय १९१४ पासून चालू आहे. नाटकाची पदवी अमेरिकेत पहिल्यांदा दिली गेली ती तिथे. विन्स्टन-सेलमला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं कलाविद्यालय आहे, तिथल्या वर्कशॉपबद्दल या धंद्यातले लोक आदराने बोलतात. याखेरीज अनेक राज्य विद्यापीठांत दोन-चार विद्यार्थ्यांचे छोटे अभ्यासक्रम असतात आणि कधी कधी तिथेच जास्त काम हाताला लागतं.

आपल्याकडचा रस्ता म्हणाल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी. या संस्थांतून रंगभूमीची समज पक्की होते आणि त्या समजेशिवाय नुसता तंत्रज्ञ कोरडा राहतो. पण तांत्रिक दिग्दर्शन हा तिथे स्वतंत्र पदवीविषय नाही.

पायरी २ : चार गणितं सोडवून बघा

प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी नसते. तरी अर्जाची फी भरण्याआधी खालची चार गणितं सोडवा. येत नसली म्हणून बिघडत नाही. ती सोडवताना कंटाळा आला तर मात्र दुसरं काहीतरी शिका, कारण पहिल्या वर्षात दिवसरात्र हेच आहे.

पहिलं गणित फळीचं. अमेरिकेत ज्याला ‘टू बाय फोर’ म्हणतात ती पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते. (हा पहिला धक्का. दोन बाय चार कुठेच नसतं.) ती आडवी निजवली तर जास्त वाकते आणि कडेवर उभी ठेवली तर कमी, हे कोणताही सुतार सांगेल. प्रश्न आहे कितीपट? उंचीचा घन आणि रुंदी यांच्या गुणाकारावर ताठपणा ठरतो. हिशेब केलात तर कडेवरची पट्टी सुमारे साडेपाचपट ताठ निघते. एवढ्या एका आकड्यावर तुमच्या लेव्हलच्या चौकटीत किती लाकूड वाचतं ते बघा.

दुसरं दोराचं. १०० किलोचं झुंबर दोन तिरप्या दोरांवर टांगलंय. दोन दोरांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक दोरावर जवळजवळ ५८ किलो येतात. कोन १२० केला तर प्रत्येकावर पूर्ण १००. १५० केला तर १९३. वजन तेच, दोर तेच, फक्त वरचे दोन पाइप एकमेकांपासून लांब निघाले म्हणून दोर ताणून बांधला. आपल्याकडे ‘घट्ट बांध, हलायला नको’ असं म्हणत आपण नेमकं हेच करतो.

याच्याच पोटात आणखी एक हिशेब आहे. एक अष्टमांश इंच, म्हणजे आपल्या भाषेत एक सूत जाडीचा चांगला स्टीलचा दोर साधारण २००० पौंडांना, म्हणजे ९०० किलोंच्या आसपास तुटतो. म्हणून त्यावर ९०० किलो टांगायचे नसतात. माणसांच्या डोक्यावर टांगताना तिथले लोक बहुधा आठाने किंवा दहाने भागतात. दहाने भागलं की राहिले ९०. त्यात टोकाचा फासा क्लिपा लावून केला असेल तर ताकद आणखी घटून सुमारे ८० टक्क्यांवर येते. राहिले ७२. कुठे ९०० आणि कुठे ७२! या दोन आकड्यांमधल्या अंतरासाठी ही तीन वर्षं आहेत, असं म्हटलं तरी चालेल.

तिसरं ट्रॉलीचं. चाकांवरची ५०० किलोची खोली सेकंदाला ०.६ मीटर वेगाने आत येते. तिला एका सेकंदात तो वेग द्यायला ३०० न्यूटन लागतात, चाकांचं घर्षण वेगळं. आता कुणीतरी आपत्कालीन बटण दाबलं आणि ती ०.२ सेकंदात थांबली. १५०० न्यूटन. हा झटका ट्रॉलीवरच्या बारा फुटी भिंतीला आणि तिला टेकून उभ्या असलेल्या नटीला बसणार आहे. म्हणून हलणाऱ्या सेटचा विचार तिथे थांबण्यापासून सुरू करतात.

चौथं घरचं. मराठी रंगभूमीवर १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ने फिरता रंगमंच आणला आणि गाजवला. समजा, वीस फूट व्यासाचा फिरता मंच आहे आणि तो दहा सेकंदांत अर्धा फिरायला हवा. कडेवर उभा असलेला माणूस किती वेगाने सरकेल? साडेएकतीस फुटांचं अंतर, दहा सेकंद, म्हणजे सेकंदाला तीन फुटांहून थोडं जास्त. माणूस तोल सांभाळेल. टेबलावरचा पाण्याचा पेला सांभाळेल का? चाकं किती, कोणत्या वर्तुळात आणि ढकलायला माणसं किती? याचं एक पानी उत्तर आकृतीसह लिहिलंत तर ते तुमच्या फाइलचं सर्वांत चांगलं पान ठरू शकतं.

पायरी ३ : फाइल तयार करा

सगळं यावर अडतं, म्हणून इथे वेळ घेऊ या. अर्जासोबत जो पोर्टफोलिओ लागतो त्यात आपली मुलं प्रयोगाचे देखणे फोटो भरतात. निळा प्रकाश, धूर, मध्ये नट. त्या फोटोवरून प्रकाशयोजनाकार चांगला होता एवढंच कळतं. मुलाखत घेणाऱ्याला चौकट बघायची असते, भिंतीची मागची बाजू बघायची असते.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी मोठ्या अभिमानाने एका वाड्याच्या सेटचा फोटो पुढे केला. समोरच्या बाईंनी विचारलं, ‘बांधायला किती वेळ लागला?’ मी म्हटलं, तीन रात्री. ‘किती माणसं?’ कधी पाच, कधी सात. ‘रात्रीचे किती तास?’ मी गप्प. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा फोटो मागितला. त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. तीन रात्री, पाच माणसं, आठ तास म्हणजे १२० माणूस-तास, हे गणित तिसरीतलं आहे, पण मला ते करायचंच सुचलं नव्हतं. तुमचा पुढचा सेट १०० माणूस-तासांत बसवायचा असेल तर आधीचा १२० तासांचा होता हे आधी माहीत हवं ना?

तर एक जुनं नाटक निवडा. मोठंच हवं असं नाही. पुरुषोत्तम करंडकाला केलेली एकांकिका चालेल, गणेशोत्सवातलं नाटक चालेल, राज्य नाट्य स्पर्धेतलं तर उत्तमच. ज्याच्या सेटला तुमचा हात लागला होता तेच निवडा आणि पुढची पानं करा.

सुरुवात नकाशाने करा. वरून दिसणारा आराखडा आणि बाजूने घेतलेला छेद, दोन्ही मापात. तिथे अर्धा इंच म्हणजे एक फूट हे प्रमाण रूढ आहे, म्हणजे १:२४. नाट्यगृहाची मापं टेप लावून घ्या: रंगमंचाचं तोंड, खोली, विंगेची जागा, वरच्या पाइपांची उंची, मागच्या दाराची रुंदी. ही शेवटची गोष्ट कोणीच मोजत नाही आणि सेट मात्र तिथूनच आत यायचा असतो. प्रेक्षागृहाच्या पहिल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीतून नजरेची रेषा काढा. त्या खुर्चीवरून विंगेतला बनियनवरचा नट दिसत असेल तर ते कागदावर आधीच दिसायला हवं.

मग सेटचा एकच भाग घ्या, समजा दरवाजाची भिंत, आणि तिचं बांधकामाचं चित्र काढा. ज्याने तो सेट कधी पाहिलेला नाही असा सुतार ते चित्र बघून भिंत बनवू शकला पाहिजे. हीच एकमेव कसोटी. ओळखीच्या सुताराला दाखवा आणि तो काय विचारतो ते लिहून घ्या. त्याने पाच प्रश्न विचारले तर चित्रात पाच गोष्टी राहिल्यात. सॉफ्टवेअर ऑटोकॅड किंवा व्हेक्टरवर्क्स घ्या, विद्यार्थ्यांना दोन्ही फुकट मिळतात. स्केचअपमधलं रंगीत मॉडेल सोबत जोडा हवं तर, पण त्याने चित्राची जागा भरून निघत नाही. हाताने काढलेलं स्वच्छ चित्रही चालतं. माझ्या मते पहिली दोन हातानेच काढावीत, त्याशिवाय रेषेच्या जाडीचा अर्थ कळत नाही.

चित्रावरून कटिंग लिस्ट निघते: कोणत्या मापाचे किती तुकडे, प्लायचे किती ताव. इथे आपल्याला एक फायदा आहे. आपला प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा, त्यांचाही तोच. आपला सुतार फूट, इंच आणि सुतात बोलतो, त्यांचाही तसाच बोलतो. शाळेत शिकलेली मीटर पद्धत तिथल्या वर्कशॉपमध्ये कमी आणि नाक्यावरच्या सुताराची भाषा जास्त उपयोगी पडते. करवतीच्या पात्याची जाडी मात्र विसरू नका. दर कापाला साधारण एक सूत जातं आणि आठ काप केलेत तर एक इंच उडतो.

त्यानंतर पैसे. अंदाज एका रकान्यात, प्रत्यक्ष खर्च शेजारच्या रकान्यात. फरक पडला असेल तर तो लपवू नका, तिसऱ्या रकान्यात कारण लिहा. ‘टेम्पो दोनदा बोलवावा लागला, कारण दहा फुटी फ्लॅट आठ फुटी हौद्यात बसला नाही’ हे वाक्य मुलाखतीत सोन्यासारखं आहे. जुनी बिलं हरवली असतील तर आजच्या भावाने अंदाज काढा आणि तसं स्पष्ट लिहा.

मग वेळ. रोजचं काम, माणसं, तास. सोबत सेट लावण्याचा आणि उतरवण्याचा क्रम. इथे मराठी बॅकस्टेजवाल्याचा हात कुणी धरू शकत नाही. एकाच नाट्यगृहात एका दिवसात तीन वेगळी नाटकं, प्रत्येकाचा वेगळा सेट, मध्ये दोन-अडीच तास. आज दादर, उद्या ठाणे, परवा नाशिक. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत सेट आठवडाभर लावतात. शिवाजी मंदिरात दीड तासात उभा राहणारा दिवाणखाना कसा घडी होतो, बिजागऱ्यांच्या पिना कुठे आहेत, टेम्पोत शेवटी काय चढतं (तेच आधी उतरतं), याचं एक पान आकृत्यांसह करा. हे ज्ञान तुम्हाला फार साधं वाटतं म्हणूनच तुम्ही ते फाइलमध्ये घालत नाही.

शेवटी एक चूक. काय मोडलं, का मोडलं, परत केलंत तर काय बदलाल. एक पान, जास्त नाही. येलमधून १९८२ पासून ‘टेक्निकल ब्रीफ’ नावाचं एक छोटं प्रकाशन निघत आलंय. अशाच दोन-तीन पानी लेखांचं: एक अडचण, तिचा उपाय, एक-दोन आकृत्या. त्यातले दहा-बारा वाचा. पानभर लिहिणं किती मोजकं असू शकतं ते कळेल आणि तुमच्याही डोक्यात असे तीन लेख पडून आहेत हे लक्षात येईल.

प्रत्येक पानावर नाटकाचं नाव, नेपथ्यकाराचं नाव, वर्ष आणि तुमचं नेमकं काम लिहा. नेपथ्यकाराचं नाव गाळणं ही तिथे मोठी चूक धरतात. आणि ‘आम्ही’ नको. आपल्याला ‘आम्ही’ लिहायची सवय असते, नाटक सगळ्यांचं असतं म्हणून. समोरच्याला तुम्ही काय केलंत ते हवंय.

पायरी ४ : विद्यापीठ निवडताना हे विचारा

क्रमवाऱ्यांच्या मागे लागू नका. ईमेल करा. छोट्या विभागांचे प्राध्यापक स्वतः उत्तर देतात आणि तुमचं इंग्रजी साधं असलं तरी कुणी हसत नाही. विचारायचे प्रश्न असे: तीन वर्षांत मला किती निर्मितींची पूर्ण जबाबदारी मिळेल? बांधकाम कोण करतं, पगारी सुतार की पदवीपूर्व विद्यार्थी? विद्यापीठाला जोडलेलं व्यावसायिक थिएटर आहे का? (येलला येल रेपर्टरी आहे, एका जुन्या चर्चच्या इमारतीत. तिथे विद्यार्थी व्यावसायिक निर्मितींवर काम करतात.) स्ट्रक्चर आणि यंत्ररचना कोण शिकवतं? मोटरवर चालणारा सेट करायला मिळतो का, की फक्त त्याबद्दल वाचायला? गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत? आणि त्यांच्यापैकी कुणाशी मला बोलता येईल का? या शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

तीन वर्षांच्या बीए, बीकॉमवाल्यांनी एक गोष्ट सगळ्यात आधी विचारावी. काही विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, काहींना तुमची तीन वर्षांची पदवी चालते. नाट्यविभाग ‘या’ म्हणतो आणि कार्यालय ‘नाही’ म्हणतं असंही होतं, म्हणून उत्तर लेखी घ्या. पदवीच नसेल तर येलसारख्या ठिकाणी तोच तीन वर्षांचा अभ्यास करून प्रमाणपत्र मिळतं.

पायरी ५ : बाकीचे कागद

अर्जाच्या तारखा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, वर्ग ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. म्हणजे फाइलचं काम मागच्या पावसाळ्यात सुरू व्हायला हवं. अनेक विद्यापीठं मिळून जानेवारी-फेब्रुवारीत एक सामायिक मुलाखत फेरीही घेतात, ‘उर्टा’ या संघटनेमार्फत. एका अर्जात अनेकांसमोर जाता येतं, पण येलसारखी काही ठिकाणं स्वतःचा अर्ज वेगळा घेतात.

स्वतःबद्दलच्या निबंधात ‘लहानपणापासून मला नाटकाचं वेड’ असं लिहू नका. निम्म्या अर्जांत तेच असतं. तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न घेऊन लिहा. उदाहरणार्थ, ‘फिरतीच्या नाटकाचा सेट हलकाही हवा आणि शंभर प्रयोग टिकायलाही हवा, यातला तोल आम्ही अंदाजाने साधतो, मला तो मोजायला शिकायचाय.’

शिफारसपत्रांची मोठी पंचाईत असते. आपले ज्येष्ठ मनापासून लिहितात, पण लिहितात काय, तर ‘अत्यंत मेहनती, नम्र व हरहुन्नरी.’ त्यातून काहीही कळत नाही. पत्र लिहिणाऱ्या काका-सरांना तुम्हीच एक टिपण द्या: कोणतं नाटक, कोणती जबाबदारी, कोणत्या प्रसंगी काय निर्णय घेतला. एक पत्र नेपथ्यकाराचं, एक निर्मात्याचं किंवा दिग्दर्शकाचं आणि एक कॉलेजातल्या शिक्षकांचं. नटाचं नको, तो कितीही प्रसिद्ध असला तरी.

पायरी ६ : मुलाखत

बहुधा व्हिडिओवर, तिथल्या सकाळी म्हणजे आपल्या रात्री. फाइलमधलं एक चित्र उघडायला सांगतील आणि मधूनच थांबवून विचारतील, हा जोड असाच का? ‘नेपथ्यकारांनी सांगितलं’ हे उत्तर नाही. ‘आमच्याकडे असंच करतात’ हे अर्धं उत्तर आहे. त्यापुढे का करतात ते सांगितलंत की पूर्ण होतं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पण मी असं शोधेन’ म्हणा. या धंद्यात जो माहीत नसताना हो म्हणतो तो धोकादायक असतो आणि समोरचे लोक तुमच्यात नेमकं तेच तपासत असतात.

एक प्रश्न हमखास येतो: नेपथ्यकाराने मागितलेलं पैशांत बसत नसेल तर काय कराल? ‘नाही म्हणेन’ चूक, ‘काहीतरी करून बसवेन’ त्याहून चूक. नेपथ्यकाराला त्यातलं काय सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी विचारायचं, मग किमतीसह दोन-तीन पर्याय पुढे ठेवायचे आणि निवड त्याच्यावर सोडायची.

पायरी ७ : पैसे आणि परवाने, थोडक्यात

शिकवणी फी माफ झाली म्हणजे सगळं फुकट झालं असं नाही. घरभाडं, जेवण, आरोग्य विमा राहतोच. राज्य विद्यापीठांत वर्कशॉपमध्ये काम करण्याच्या बदल्यात फी माफी आणि मासिक वेतन असा सौदा असतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासच पगारी काम करता येतं, तेव्हा कामाचे तास किती ते आधीच विचारा. पदवीनंतर साधारण वर्षभर आपल्या विषयात काम करायची मुभा मिळते. काही तांत्रिक विषयांना ती वाढवून मिळते, तुमच्या पदवीला मिळेल का हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा, एजंटला नको.

परत यायचं असेल तर? दहा वर्षांपूर्वी मी गप्प बसलो असतो. २०२३च्या मार्चअखेरीस बीकेसीत दोन हजार आसनांचं ग्रँड थिएटर उघडलं, त्याच मे महिन्यात ‘साउंड ऑफ म्युझिक’ तिथे आलं, आणि अशा निर्मितीला वर टांगलेल्या प्रत्येक पाइपाचा हिशेब ठेवणारा माणूस लागतो. फिरतीच्या मराठी नाटकात मात्र या कामाचा वेगळा पगार देणारा निर्माता शोधावा लागेल.

पायरी ८ : पोचल्यावरचं पहिलं सत्र

तीन गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिली म्हणजे रात्र. आपल्याकडे ‘रात्रभर जागून सेट उभा केला’ ही शौर्यकथा असते. तिथे ती नियोजन चुकल्याची कबुली ठरते. तांत्रिक तालमींसाठीही बारा तासांच्या दिवसात दहा तास काम अशी चौकट असते आणि ती देखील जाचक म्हणून अनेक ठिकाणी मोडीत निघतेय. दमलेल्या माणसाला टेबल-करवतीजवळ जाऊ देत नाहीत.

दुसरी, वजन. स्टेजवरच्या लेव्हलचा हिशेब तिथे बहुधा चौरस फुटाला १०० पौंड धरून करतात. आठ बाय चारच्या एका लेव्हलवर ३२०० पौंड, म्हणजे साडेचौदाशे किलो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, आमच्या लेव्हलवर तर दोन नट आणि एक खुर्ची असते. मग एका तालमीत चौदा जणांनी त्याच लेव्हलवर एका तालात उड्या मारल्या. तेव्हापासून हसलो नाही.

तिसरी गोष्ट, ‘नाही’ म्हणायला कुणालाही असलेली मुभा. आठवडाभरापूर्वी आलेली पदवीपूर्व मुलगी ‘थांबा’ म्हणाली तर वरून खाली येणारा पाइप थांबतो. ज्येष्ठांपुढे बोलायची सवय नसलेल्या आपल्यासारख्यांना हे सगळ्यात जड जातं. मला पहिला ‘थांबा’ ओरडायला दोन महिने लागले, आणि ओरडलो तो मराठीत. पाइप थांबला.

बॅगेत काय न्यायचं ते सांगून टाकतो. पोलादी टोकाचे बूट तिथेच घ्या, इथून नेलेले त्यांच्या प्रमाणात बसतील याची खात्री नसते. गॉगल आणि कानाचे बोळे वर्कशॉप देतं. टेप न्या, पण इंचाचा मोठ्या आकड्यांचा, नुसता सेंटिमीटरचा नको. एक साधा कॅल्क्युलेटर. आणि ज्या सुताराने तुमच्या चित्रावर पाच प्रश्न विचारले त्याचा फोन नंबर. पहिल्या महिन्यात रात्री अकराला एखाद्या जोडावर अडाल तेव्हा त्याच्याकडे सकाळ झालेली असेल आणि तो नुकता चहाला बसला असेल.